जिवंत माणसाची निधनवार्ता

बाईने मेलेल्यांच्या बातम्या करायच्या, हे आमच्या कार्यालयात मी रुजू झाले त्याच दिवशी ठरलं. संगमनेरला बसस्थानकापासून हाकेच्या अंतरावर, एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमच्या जिल्हा दैनिकाचं तालुका कार्यालय आहे. तालुक्यातल्या बातम्या इथे गोळा होतात आणि नगरच्या मुख्य कार्यालयात जातात; तिथे पानं लागतात. तेव्हा इथे पाच पुरुष होते आणि मी. तालुकाप्रमुखांना सगळे सर म्हणायचे. सरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सांगितलं की ताई, तुमचा आवाज मऊ आहे, दुःखातल्या माणसांना बरं वाटेल, तुम्ही निधनवार्ता बघा. माझा आवाज मऊ नाही. माझ्या सासूला विचारा.

निधनवार्तेच्या जोडीला हळदीकुंकू, रांगोळी स्पर्धा, पुढाऱ्यांच्या बायकांचे वाढदिवस आणि पुरवणीतल्या पाककृती आल्या. कारखाना, जिल्हा परिषद, पोलीस ठाणं, वाळूचे ट्रक हे सगळं पुरुषांचं. पहिल्या वर्षी मी हट्टाने एका कारखान्याच्या सर्वसाधारण सभेला गेले, चार तास मांडवात बसून सभासदांनी विचारलेले सगळे प्रश्न वहीत उतरवून आणले. सरांनी वही मागून घेतली, तिच्यातून आपली बातमी तयार केली आणि मला विचारलं की महिला सभासद किती होत्या, तेवढं एका चौकटीत द्या. दुसऱ्या दिवशी बातमीवर सरांचं नाव होतं आणि चौकटीवर ‘प्रतिनिधी’. पुढे चौदाव्या वर्षापर्यंत माझं नाव प्रतिनिधी हेच राहिलं.

निधनवार्ता मात्र मी मन लावून शिकले. माणूस म्हातारा असेल तर ‘वृद्धापकाळाने’. तरणा असेल आणि घरचे गप्प असतील तर ‘अल्पशा आजाराने’. पश्चात पत्नी, मुले, सुना, नातवंडे असा परिवार. दशक्रिया विधी कुठल्या घाटावर, प्रवचन कुणाचं. बाई गेली असेल तर ती कुणाची तरी मातोश्री किंवा पत्नी. तिने स्वतः जन्मभर काय केलं असं विचारलं की फोनवरचा मुलगा गोंधळून जायचा. मला हे इतकं पाठ झालं की घरात कुणाला ठसका लागला तरी डोक्यात पश्चात कोण कोण याची जुळवाजुळव सुरू व्हायची.

आता आमच्या रिवाजाबद्दल सांगते, कारण सगळं तिथूनच घडलं. नव्या बातमीदाराला पहिल्या काही महिन्यांत एक खोटं मरण द्यायचं. त्याला आमच्याकडे ‘मुहूर्त’ म्हणायचे. जुन्यांपैकी कुणीतरी आवाज बदलून फोन करायचा की मी अमक्याचा पुतण्या बोलतोय, आमचे अण्णा गेले, उद्याच्या पेपरात यायला पाहिजे. नव्याने खात्री केली तर तो पास. नाही केली आणि बातमी लिहून नगरला पाठवली, तर पान छपाईला सुटायच्या आत सर तिकडे फोन करून ती काढून घ्यायचे. मग सगळे हसायचे आणि फसलेल्याने सगळ्यांना मिसळ खाऊ घालायची. सर म्हणायचे की यानं माणूस घडतो, पुन्हा जन्मात खात्री केल्याशिवाय बातमी देत नाही. ते खोटंही नव्हतं. पाचही पुरुष तसेच घडले होते, एकेक मिसळ खाऊ घालून.

माझा मुहूर्त दुसऱ्या महिन्यात झाला. जवळच्याच एका गावचे निवृत्त मुख्याध्यापक गेल्याचा फोन आला. पलीकडचा माणूस इतका हुंदके देत होता की त्याला उलटून काही विचारणं मला अमानुष वाटलं. मी बातमी लिहिली, पाठवली. सरांनी नगरला फोन केला नाही. बातमी छापून आली. मोबाईलची बॅटरी संपली होती, असं ते दुसऱ्या दिवशी म्हणाले. टेबलावर लँडलाईन होता, त्याकडे मी फक्त बघितलं. मी नवी होते.

त्या मुख्याध्यापकांच्या घरी माफी मागायला मला एकटीला पाठवलं. गुरुजी स्वतः ओसरीवर बसले होते, त्यांनी मान फिरवली. त्यांची बायको आतून बाहेर आली. पहाटेच तिच्या माहेरच्या बायका रडत दारात आल्या होत्या आणि एकीने गळ्यात पडून तिच्या हातातल्या बांगड्या फोडल्याही होत्या. मनगटावर काच लागल्याचे ओरखडे होते.

“मानूस जित्ता हाय माझा,” ती म्हणाली. “तू त्याच्या म्होरं माझं कुकू पुसलंस. तुला बी न्हवरा असंल ना गं?”

मी तिच्या पाया पडले. तिने पाय मागे घेतले. गावात बातमी फिरायला किती वेळ लागतो? पुढे कितीतरी दिवस लोक मला हळदीकुंकवाच्या बातमीलाही बोलवायला कचरायचे, आणि कार्यालयात माझं नाव ‘तेराव्याच्या ताई’ पडलं. मी मिसळ खाऊ घातली नाही म्हणून रुसलेही होते दोघंजण.

नवरा म्हणाला सोड. बीएड झालेली आहेस, एखाद्या शाळेत चिकटशील. मी सोडलं नाही, ते काही ध्येयाबियामुळे नाही. मला राग आला होता. माणसं रागावर किती वर्षं नोकरी करू शकतात हे ज्याला बघायचं असेल त्याने मला बघावं. त्या दिवसानंतर माझी एकही निधनवार्ता चुकली नाही. मी दोन ठिकाणी विचारायची, कधी तीन. आणि पुरुषांच्या बातम्यांसाठी पायपीट करून माहिती आणायची, जी त्यांच्या नावाने छापून यायची. माझ्यामागून आलेल्या तीन पोरांना मोटारसायकलचं पेट्रोल आणि नावानिशी बातमी मिळाली. मला मिळायची ती जागतिक महिला दिनाला शाल, आणि त्याच कार्यक्रमात पाहुण्यांना ओवाळायचं ताट.

चौदाव्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. सर निवृत्त होणार असं कळलं. आणि ती मुलगी आली.

ती राजूरकडची. बौद्ध कुटुंबातली, वडील तिकडे एसटीत वाहक होते. संगमनेरच्या कॉलेजात पत्रकारितेचा अभ्यासक्रम करून प्रशिक्षणार्थी म्हणून आमच्याकडे रुजू झाली. केस घट्ट बांधलेले, पाठीवर सॅक, बोलणं कमी. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं की ताई, तुमच्या बातम्या मला वाचायच्या आहेत, कुठल्या फाईलला असतील? मी तिला निधनवार्तांची फाईल दिली. माझ्या परीने टोमणा मारला होता मी, स्वतःला की तिला ते मलाही ठाऊक नाही. तिने ती फाईल खरंच दोन दिवस बसून वाचली आणि परत देताना म्हणाली की तुमची एकही चूक निघाली नाही, कसं जमवता? कार्यालयात मला काही शिकवा असं म्हणणारं ते पहिलं माणूस. मी तिला शिकवलं. बातमी देणाऱ्याच्या नंबरवर कधी विसंबायचं नाही. घरचा दुसरा माणूस गाठायचा. तो नाही मिळाला तर गावातला तिसरा. ज्याला खोटं बोलण्यात काही फायदा नाही असा.

ती तरतरीत होती. तिचा मुहूर्त दोनदा लावला, दोनदा फसला. पहिल्या खेपेला तिने ग्रामपंचायतीच्या शिपायाला गाठलं, दुसऱ्या खेपेला दूध संकलन केंद्रावर फोन करून मेलेल्या माणसाला थेट फोनवर बोलावून घेतलं आणि त्याची तब्येत विचारली. पुरुषांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. मी मोरीत जाऊन हसले. तेव्हा मला ती आवडत होती, हे मी इथे नोंदवून ठेवते, पुढचं वाचताना कुणी विसरू नये म्हणून.

मग नगरला बैठक झाली. संपादकांनी सगळ्यांदेखत सांगितलं की या वेळी संगमनेरला तालुकाप्रमुख म्हणून महिलेचा विचार चालू आहे, काळ बदललाय, दिसायलाही बरं दिसतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, नवरीसारखी. परतीच्या गाडीत सर पुढच्या सीटवरून म्हणाले, “ताई, बाई एकच बसवणार आहेत बरं का. दोन बायका झाल्या तर कार्यालयाचं भिशी मंडळ होईल.” गाडीत हशा झाला. मीही हसले. ती मुलगी नगरच्या त्या बैठकीला नव्हती, प्रशिक्षणार्थींना नेत नाहीत. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दोन बायका झाल्या, एक मी आणि एक ती.

पंधरा दिवसांनी तिची बातमी आली. डोंगरातल्या एका मुलींच्या वसतिगृहात सहा महिने पाणी नव्हतं, मुली पहाटे ओढ्यावर जात होत्या. तिने दोन एसट्या बदलून तीन खेपा केल्या, मुलींशी बोलली, फोटो काढले. सरांनी नेहमीसारखी वही मागितली. तिने वही दिली नाही. बातमी तिने थेट संपादकांना पाठवली होती. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर, वरच्या अर्ध्या भागात, तिचं नाव. पूर्ण नाव, आडनावासकट. चौथ्या दिवशी वसतिगृहात टँकर पोचला आणि अधिकारीही.

मी पेढे आणले. तिच्या तोंडात स्वतःच्या हाताने पेढा घातला. “ताई, हे तुमच्यामुळे,” ती म्हणाली, आणि मी पेढ्यांचा पुडा तिथेच ठेवून उठले. चौदा वर्षं. माझ्या हातात वही होती आणि मी ती दरवेळी देत आले होते. वही द्यायची नसते, एवढी साधी गोष्ट होती, आणि ती बावीस वर्षांच्या पोरीला कळली होती. मला तिचा राग आला, त्या पाच पुरुषांचा आला नव्हता इतका आला. बाईच बाईची वैरी असं लोक म्हणतात तेव्हा मी भांडायला उठते. पाच जणांसाठी पाच पाट मांडायचे, दोघींसाठी एक मांडायचा, आणि वर म्हणायचं बघा कशा झोंबतात. हे मला चांगलं कळतं. कळूनही मी जे केलं ते केलं.

त्या आठवड्यात दुपारी मी घरी निघताना सरांनी जिन्यात गाठलं. म्हणाले की आज तिचा मुहूर्त आहे, जोरदार तयारी केलीय, तिने काही विचारलं तर तुम्ही फक्त गप्प राहा. एवढंच मागितलं त्यांनी माझ्याकडे. गप्प राहायचं. मी बरं म्हणाले.

तयारी खरोखर जोरदार होती. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला होता, फुलांची चौकट, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, एका गावच्या वयोवृद्ध माजी सरपंचांचा. सोबत मुलाचा म्हणून एक नंबर, जो आमच्याच एकाच्या मेव्हण्याचा होता. त्याने फोन उचलून व्यवस्थित रडून दाखवलं. पण ती तेवढ्यावर थांबणारी नव्हती. त्या गावात टॉवर बंद होता, दुसरा कुणी लागत नव्हता. आणि ते गाव माझ्या माहेराच्या शिवेला लागून आहे, हे तिला माहीत होतं.

सव्वासहाला तिचा फोन आला. मी मेथी निवडत होते.

“ताई, एक खात्री करायची होती,” ती म्हणाली. तिने नाव सांगितलं, गाव सांगितलं. “ते गेले म्हणतायत. तुमच्या कानावर आलंय का?”

मी गप्प राहू शकले असते. मला माहीत नाही गं, एवढं म्हटलं असतं तरी तिने बातमी दाबून ठेवली असती, तशी ती होती. ते म्हातारे परवाच माझ्या भावाच्या घरी चहाला येऊन गेल्याचं मला ठाऊक होतं.

“हो गं,” मी म्हणाले. “सकाळीच गेले. भावाचा फोन आला होता. चार वाजता उरकलंसुद्धा.”

मग हळू आवाजात म्हणाली, “तुमच्या ओळखीतले होते ना? तुम्ही ठीक आहात ना, ताई?”

मी ठीक आहे म्हणाले. तिने जिवाला जपा, जेवून घ्या असं काहीतरी सांगितलं आणि फोन ठेवला. एक मुलगी एका जिवंत माणसाच्या मरणाबद्दल माझं सांत्वन करत होती आणि मी ते करून घेतलं.

आमचं पान आठला सुटतं. म्हणजे पावणेदोन तास माझ्याकडे होते. मी मेथी धुतली, चिरली, फोडणी दिली. फोन ओट्यावरच होता. सर नगरला फोन करतील, असं मी स्वतःला एकदा सांगून बघितलं. पण ज्याच्या टेबलावर लँडलाईन असून माझ्या वेळी फोन झाला नव्हता, तो आता करणार होता का? वही न देणाऱ्या पोरीसाठी? मला माहीत होतं की तो फोन होणार नाही. हे मी पुन्हा लिहिते, कारण या प्रसंगात मला नंतर पुष्कळ पळवाटा सापडल्या आहेत आणि त्यातली एकही खरी नाही. मला माहीत होतं.

सकाळी गावच्या दूध केंद्रावर लोकांनी बातमी वाचली तेव्हा म्हातारे स्वतः किटली घेऊन रांगेत उभे होते. लोक आधी हसले म्हणे. पण नेवाशाकडे दिलेली त्यांची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची, तिला नातवाने पेपर वाचून दाखवला. भाऊ गेला म्हणून ती गाडी धरायला घाईने निघाली आणि दारातल्याच पायरीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ती पुन्हा चालली नाही.

दहाला म्हाताऱ्यांची मुलं जीप भरून माणसं घेऊन कार्यालयात आली. बातमी कुणी दिली? सरांनी तिच्याकडे बोट केलं. थोरल्याने तिला नाव विचारलं. तिने पहिलं नाव सांगितलं. आडनाव काय, तो म्हणाला. तिने सांगितलं. त्यानंतर खोलीतला आवाज बदलला. आधी ते आम्हा सगळ्यांवर ओरडत होते, मग फक्त तिच्यावर ओरडायला लागले, आणि काय काय म्हणाले ते मी इथे लिहिणार नाही. आमच्या पाच पुरुषांपैकी एकानेही खुर्ची सोडली नाही. मीही नाही.

ती माणसं खाली उतरल्यावर सरांनी सगळ्यांसमोर तिला उभं केलं.

“खात्री कुणाकडे केली होती?”

“मेसेजमधल्या नंबरवर,” ती म्हणाली.

“आणखी कुणाकडे?”

मी समोर, तिच्यापासून चार हातांवर बसले होते. आता ती बोलणार, आणि मग संपादकांना कळणार, आणि चौदा वर्षं पाण्यात जाणार. ती माझ्याकडे बघतही नव्हती.

“कुणाकडेच नाही, सर. माझी चूक झाली.”

सरांनी दीर्घ उसासा सोडला आणि पत्रकारितेत खात्रीचं महत्त्व यावर दहा मिनिटं बोलले. ज्याच्या मेव्हण्याने फोनवर रडून दाखवलं होतं तो स्क्रीनकडे बघत मान डोलवत होता.

दुपारी माफीसाठी सर आम्हा दोघींना घेऊन गावी गेले. मला कशाला, तर माहेरची ओळख म्हणून. म्हातारे खाटेवर बसले होते, बहिणीच्या काळजीने चेहरा उतरलेला. मला बघून म्हणाले, “तुमी आमच्या शेजारची लेक. तुमी आत या, च्या घ्या.” मग तिच्याकडे न बघता म्हणाले, “तिला थितंच राहू द्या.”

ती अंगणात उन्हात उभी राहिली. मी आत गेले. चहा साखर जास्त झालेला होता, बशीत ओतून दिला होता, आणि मी तो सगळा प्याले. खिडकीतून ती दिसत होती. तिने दोन्ही हात पुढे धरले होते, सॅकचा पट्टा घट्ट पकडून. बाहेर आले तेव्हा ती तिथेच होती, फक्त सावलीत सरकली होती, आणि घरातली एक सून तिला सावलीतून बाजूला हो म्हणत होती.

तिला काढलं असं कुणी म्हटलं नाही. प्रशिक्षणाची मुदत वाढवली नाही, इतकंच. संध्याकाळी कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपोआप उमटणारी ती करडी ओळ आली की सरांनी तिला काढून टाकलं आहे. त्याखाली लगेच कुणीतरी एका आमदाराच्या वाढदिवसाचा मजकूर टाकला.

मी तालुकाप्रमुख झाले. नगरला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. संपादक भाषणात म्हणाले की या ताईंच्या हातून चौदा वर्षांत एकही चुकीची निधनवार्ता गेली नाही. दुसऱ्या महिन्यातल्या गुरुजींचा त्यांना विसर पडला होता, किंवा कुणी सांगितलं नव्हतं. टाळ्या झाल्या. सर पहिल्या रांगेत होते, तेही टाळ्या वाजवत होते. माझ्याकडे बघून त्यांनी डोळे मिटल्यासारखं केलं, ओळखीच्या माणसाकडे बघून करतात तसं. मी तिच्याशी काय बोलले हे त्यांना कधीच कळलं नाही. त्यांनी मला फक्त गप्प राहायला सांगितलं होतं, आणि मी गप्प राहिले असं ते समजत असतील.

दीड महिन्याने ती आली. अनुभवाचं प्रमाणपत्र हवं होतं, राजूरला एका ऑनलाईन सेवा केंद्रात नोकरी लागत होती, तिथे कागद मागितला होता. दाखले काढून द्यायचे, फॉर्म भरून द्यायचे. प्रमाणपत्रावर तालुकाप्रमुखाची सही लागते. मी तिला बसवलं, चहा मागवला. कार्यालयात आम्ही दोघीच होतो, बाकीचे पत्रकार परिषदेला गेले होते. आता सांगू, असं मी तीनदा ठरवलं. मजकूर टाईप करायला मुद्दाम वेळ लावला.

तीच बोलली.

“ताई, तुमच्या मनाला लागलं असेल, म्हणून सांगते. तुमचं नाव मी मुद्दाम घेतलं नाही. तुम्हालाही कुणीतरी खोटंच कळवलं असणार. नाव घेतलं असतं तर दोघी गेलो असतो. एक तरी राहायला पाहिजे ना इथे.”

मी प्रिंटर चालू केला. कागद बाहेर यायला वेळ लागला. ती वाट बघत होती, आरोप करणाऱ्यासारखी नाही, सांत्वन करायला आलेल्यासारखी.

“हो,” मी म्हणाले. “मलाही खोटंच सांगितलं होतं.”

“मला वाटलंच,” ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. एवढ्यासाठीच ती आली असावी; कागद काय, तिने पोस्टाने मागवला असता. मी सही केली, शिक्का मारला. तिने प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवी सॅकमध्ये ठेवली आणि उठली. दारात थांबून तिने एकदा खोलीभर नजर फिरवली, रिकाम्या टेबलांवरून.

“जपून राहा, ताई,” ती म्हणाली. “इथे कुणावर विश्वास ठेवू नका.”

मी नाही ठेवणार म्हणाले, आणि तिची गाडी चुकू नये म्हणून घाई कर असंही सांगितलं.